सहा तासांनी एक

अप्पा रुग्णालयातून घरी आले त्याच्या नवव्या दिवशी त्यांच्या धाकट्या सुनेच्या, म्हणजे घरातल्या धाकटीच्या, एक गोष्ट लक्षात आली. घरातली माणसं अप्पांची विचारपूस करायला हल्ली तिने लावलेलं वेळापत्रक बघून येत होती.

ते वेळापत्रक तिने अगदी साध्या मनाने फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, आणि खाली लाल शाईत ‘दुखत असेल तरच’. प्रत्येक वेळेसमोर गोळी खरोखर कधी दिली त्याची नोंद आणि तिची सही. धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची, तीही आगगाड्यांच्या वेळापत्रकाची, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय तिला चैन पडत नसे. थोरला दीर यावरून तिला पंधरा वर्षं चिडवत आला होता. धाकटीच्या संसारात आमटीला उकळी दोन मिनिटं उशिरा आली तर शुद्धिपत्र निघतं, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि चारचौघं हसायचे. धाकटीही हसायची, पण तिच्या मनात ते कुठेतरी जाऊन बसायचं.

अप्पांचं पडणंही असं की सांगताना हसू यावं आणि हसल्याची लाज वाटावी. ज्या माणसाने पन्नास वर्षं लोकांना मऊ झोप विकली, तो घराखालच्या स्वतःच्या कारखान्यात, स्वतः भरलेल्या बारा गाद्यांच्या थप्पीवर चढला, वरच्या गादीचा टाका नीट बसलाय का ते बघायला. टाका नीट होता. उतरताना पाय सटकला, आणि चहूकडे गाद्याच गाद्या असताना अप्पा पडले ते मधल्या हातभर फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि सहाव्या दिवशी ते घरी आले ते एक वॉकर, एक खुर्ची आणि एका जहाल गोळीचा डबा घेऊन.

डॉक्टरांनी निघताना सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं. ही गोळी साधी नाही. दुखणं सोसवत नसेल तेव्हा एक, आणि सहा तासांच्या आत दुसरी नाही. हिच्यासोबत दारू नाही, झोपेची गोळी नाही. डबा कुलपात ठेवायचा, घरातल्या दुसऱ्या कुणाला यातली एकही द्यायची नाही, आणि दुखणं ओसरलं की उरलेल्या परत करायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. या घरात माना डोलावणं हे ऐकल्याची खूण नसून बोलणं लवकर आटपावं म्हणून केलेली विनंती असते, हे त्या डॉक्टरांना कुठून कळणार?

डब्यातला तो पातळ कागद मात्र एकट्या धाकटीने वाचला. उलगडला की टेबलाएवढा होणारा आणि परत घडी घालायला गेलं की कधीच पहिल्यासारखा न बसणारा. दोन्ही बाजूंनी वाचला, एक छपाईची चूक काढली, आणि मग डबा कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

त्या किल्लीवरून घरात दोन तट पडले. खरं तर तट आधीपासूनच होते, किल्लीमुळे त्यांना नवीन विषय मिळाला इतकंच. थोरल्याचं म्हणणं, बाप दुखण्याने कण्हतोय आणि ही बाई घड्याळ बघतेय, माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही. आक्काचं, म्हणजे सगळ्यांत मोठ्या नणंदेचं, म्हणणं अगदी उलट. कारखान्याचा शिवणविभाग आक्का तीस वर्षं एकहाती सांभाळत होती आणि सुईच्या टोकावर जग चालतं असं तिचं मत होतं. गुंगीच्या गोळ्यांनी माणूस कामातून जातो, अप्पांनी दुखणं सोसावं, आमच्या घराण्यात सगळ्यांनी सोसलंय, असं ती म्हणे. त्यामुळे आक्का खोलीत असली की अप्पा दात-ओठ आवळून “काही दुखत नाही” म्हणत, आणि ती जिना उतरली की धाकटीला हाक मारत. माई, अप्पांची बायको, दोन्ही बाजूंना “हो, खरंच” म्हणे. आणि धाकटीचा नवरा काहीच म्हणत नसे. कुठल्याही प्रश्नाला “बघू” एवढंच उत्तर देऊन देऊन त्याचं नावच बघू पडलं होतं, पुतणेसुद्धा त्याला बघूकाका म्हणत.

गोळीबरोबर डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं एक औषध दिलं होतं. ते माईने कपाटाच्या मागच्या बाजूला सारून ठेवलं, कारण चाळीस वर्षं अप्पांचं पोट घड्याळासारखं चालत होतं. चौथ्या दिवशी घड्याळ बंद पडलं. कागदावर हे स्पष्ट लिहिलं होतं, असं धाकटी म्हणाली, तेव्हा कागदावर काय वाट्टेल ते लिहितात असं आक्का म्हणाली. पाचव्या दिवशी अप्पा कुणाशी बोलेनासे झाले. सहाव्या दिवशी ती बाटली शोधून काढण्यात आली, आणि सातव्या दिवशी सकाळी सगळं घर न्हाणीघराच्या दाराबाहेर असं उभं होतं की जणू आत एखादा निकाल लागणार आहे. अखेर आतून अप्पांचा विजयी आवाज आला. माईने जिन्यावरून खाली बातमी दिली, आणि कारखान्यातली शिवणयंत्रं क्षणभर थांबली. शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या असं नंतर कुणीतरी सांगितलं. अप्पांना ते अजून सांगितलेलं नाही.

पण खरी गंमत वेगळीच होती. गोळी घेतल्यावर तासाभराने अप्पा दिलदार व्हायचे. एरवी ज्या माणसाकडून दोऱ्याचं रीळ सुटत नसे, तो माणूस डोळे अर्धे मिटून, गालातल्या गालात हसत, मागेल त्याला मागेल ते देऊन टाकायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलं की कारखान्याला आता तुमचंच नाव देतो. त्या बाईंनी शांतपणे त्यांचा पाय उचलला आणि दहापर्यंत मोजायला सांगितलं.

आता या दिलदारीची किंमत कळायची तर कापूस आणि फोमचं भांडण ठाऊक हवं. थोरल्याला तीन वर्षांपासून कारखान्यात फोमच्या गाद्या करायच्या होत्या. लोकांना हलक्या गाद्या हव्यात, कापूस पिंजत बसायचे दिवस गेले. आक्का म्हणे, फोमची गादी म्हणजे भांडी घासायचा मोठा स्पंज. निर्णय अप्पांच्या हातात, आणि अप्पा तीन वर्षं तो दाबून बसलेले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता थोरला सहज म्हणून खोलीत डोकावला आणि अप्पा त्याला म्हणाले, आण बाबा तुझा फोम. संध्याकाळी सात वाजता आक्का डोकावली, तिला म्हणाले, कापसाला मरण नाही. तेव्हापासून गाडी पकडावी तसे दोघे फ्रिजवरचं वेळापत्रक बघून यायला लागले, आणि एकमेकांना जिन्यात गाठून “मला शब्द दिलाय” असं ऐकवायला लागले.

नवव्या दिवशी रविवार होता. चार वाजता सगळ्यांनी बसून हा विषय एकदाचा संपवायचा असं ठरलं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी छापखान्यातून निरोप आला की नव्या वेळापत्रकाची शेवटची मुद्रितं आली आहेत, तीन तास यावं लागेल.

धाकटीने बारा वाजता अप्पांना गोळी दिली, नोंद केली, सही केली. येता येता सहा वाजले तर, असा विचार तिच्या मनात आला. किल्ली देऊन जावं तर कुणाकडे? म्हणून तिने सहाची एक गोळी काढून बशीत ठेवली, वर वाटी पालथी घातली, आणि बशी नवऱ्याच्या हातात दिली. सहाच्या आधी नाही, दुखत नसेल तर मुळीच नाही, असं दोनदा बजावलं. त्याने बशी कपाटावर ठेवली आणि नेहमीचा शब्द उच्चारून वर्तमानपत्र उघडलं. पेटीला कुलूप होतं, किल्ली गळ्यात होती, आणि एक गोळी मात्र वाटीखाली सगळ्या जगाला मोकळी होती. हे तिला रस्त्यात एकदा खटकलंही. पण बस आली.

ती परतली तेव्हा चारला पाच मिनिटं होती. अप्पांच्या खोलीत पलंगाभोवती खुर्च्या मांडून सगळे बसले होते, आणि इतके गुण्यागोविंदाने की तिला दारातच चुकल्यासारखं झालं. अप्पा गाढ झोपले होते. माईने ओठांवर बोट ठेवलं. किती दिवसांनी असे शांत झोपलेत, असं थोरला कुजबुजला. आक्कानेही त्याच्याशी सहमत होत मान हलवली. तीन वर्षांत या दोघांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू ही झोप आपल्यामुळेच लागली आहे.

धाकटी मात्र घोरणं ऐकत होती. अप्पांचं घोरणं घराला पाठ होतं, पिंजायच्या यंत्रासारखं, एका लयीत. हे तसं नव्हतं. एकदा खोल गुरगुर यायची आणि मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही की ऐकणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखावा. मग परत एक गुरगुर. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. एक मिनिट. सात श्वास.

तिने अप्पांच्या खांद्याला हात लावून हाक मारली. मग जोरात मारली. मग खांदा गदागदा हलवला. माई म्हणाली, अगं झोपू दे की त्यांना. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. ओठ पुसल्या पाटीसारखे करडे दिसत होते. तिने एक पापणी वर केली तर आतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

“रुग्णवाहिका बोलवा,” ती नवऱ्याला म्हणाली. “आत्ता.”

आणि बघूने या वेळी ‘बघू’ म्हटलं नाही. वर्तमानपत्र टाकलं आणि फोन उचलला.

फोनवरच्या माणसाने धाकटीला काय काय करायचं ते सांगितलं. चांगल्या पायाच्या कुशीवर वळवा, हनुवटी जरा वर ठेवा, सतत हाका मारा, जागं ठेवायला बघा, तोंडात काहीही घालू नका, आणि श्वास मोजत राहा. कॉफी पाजू का, असं माईने विचारलं, नाही. डोक्यावर गार पाणी, असं आक्काने सुचवलं, तेही नाही. मग सगळ्यांनी मिळून मोठ्याने श्वास मोजायला सुरुवात केली. मिनिट संपलं तेव्हा थोरल्याचे सात भरले आणि आक्काचे नऊ. आक्का म्हणाली तू मधले दोन खाल्लेस, थोरला म्हणाला तू तुझे स्वतःचे धरलेस. बाप मरणाच्या दारात आणि हे दोघे त्यातही दोन तट करून बसले, या विचाराने धाकटीला हसू की रडू ते कळेना. ती अप्पांच्या कानाशी वाकून कापसाच्या सगळ्या प्रकारांची नावं चुकीची घेत राहिली, कारण चुकीचं नाव ऐकून अप्पा कधी गप्प राहिलेले नव्हते. चौथ्या नावाला त्यांनी कपाळाला एक आठी घातली. तेवढ्यावर तिने पुढची सात मिनिटं काढली.

रुग्णवाहिकेबरोबर एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई आली. तिने पिशवी उघडता उघडता अप्पांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला आणि विचारलं, यांना आज काय काय दिलंय.

धाकटीने फ्रिजवरचा कागद आणून पुढे धरला. बारा वाजता एक. त्याआधी सकाळी सहाला.

बाईने कागद पाहिला, अप्पांकडे पाहिलं, आणि मान हलवली. एवढ्याने असं होत नाही, ती म्हणाली. आणखी काय दिलंय?

धाकटीने कपाटाकडे बघितलं. वाटी तशीच पालथी होती. तिने ती उचलली. बशी रिकामी होती.

“भांडण नंतर करा,” ती बाई म्हणाली. “मला फक्त काय आणि किती वाजता ते सांगा.”

“अडीच वाजता मी एक दिली,” थोरला म्हणाला.

त्याचा आवाज एरवी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा, आत्ता पलंगापलीकडे जेमतेम पोचला. अप्पा कण्हत होते, बशीत गोळी दिसली, बिचाऱ्यांना कशाला सहापर्यंत ताटकळत ठेवायचं, असं वाटलं.

तो बोलला आणि जणू पोत्याचा दोरा सुटला. माई म्हणाली, दोनच्या सुमाराला तिने स्वतःच्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्यांना दिली होती, दुपारी डोळा लागावा म्हणून. पण ती अर्धीच होती, आणि अर्धी म्हणजे काही गोळी नव्हे. मग सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं, ते केवळ ती बोलायची राहिली होती म्हणून. आक्का ताठ बसून होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“गोळ्या वाईट म्हणून,” ती म्हणाली, “मी तीन वाजता ब्रँडी दिली. चार चमचे.”

ज्या आक्काने आयुष्यभर थेंबाला स्पर्श केला नव्हता, तिच्या थैलीत एक छोटी बाटली निघाली. सर्दीवर ठेवते, असं ती म्हणाली.

“ती गोळी कुलपाबाहेर मी ठेवली,” धाकटी म्हणाली. हे कुणी विचारलं नव्हतं, पण म्हटल्याशिवाय तिला राहवलं नाही.

मग त्या बाईने सवयीने बघूकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. दुपारभर त्याने काहीही केलं नव्हतं. लग्नानंतर प्रथमच धाकटीला नवऱ्याच्या या गुणाचं मोल कळलं.

बाईने सगळं लिहून घेतलं. एकेक गोष्ट एकटी निभावली असती कदाचित, ती म्हणाली, पण सगळ्या मिळून श्वासालाच झोपवतात. घरात सगळेच डॉक्टर असले की आमची धावपळ वाढते. तिने अप्पांच्या नाकात उताऱ्याचा फवारा मारला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला अप्पांनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, पलंगाभोवती उभी असलेली सगळी माणसं एक एक करून न्याहाळली, आणि मुखवट्यातून विचारलं,

“गेलो का मी?”

“नाही,” माई म्हणाली.

“मग एवढे सगळे कशाला जमलेत?”

तेवढ्यात उताऱ्याने गोळीचा असर धुऊन काढला, आणि इतक्या दिवसांचं दुखणं एकदम जागं झालं. अप्पांनी अशा शिव्या घातल्या की आक्काने कान झाकले आणि माईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते आनंदाचं. उताऱ्याचा जोर गोळ्यांच्या आधी ओसरतो, म्हणून एक दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवावं लागेल, असं बाईने सांगितलं. स्ट्रेचरवर घेताच अप्पांनी हाताने खालची गादी चाचपली आणि ही कुणी भरली म्हणून विचारलं. जिना उतरेपर्यंत ते त्यावरच बोलत होते, आणि धाकटीला ते बोलणं अत्यंत गोड लागलं.

रुग्णालयात दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला जवळ बसवलं आणि सगळं नीट सांगायला लावलं. तिने वेळेसकट सांगितलं, स्वतःच्या बशीसकट. ऐकून त्यांनी विचारलं,

“खरं सांग, मला मारायला निघाले होते का हे?”

“नाही अप्पा. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच तिघांनी दिलं.”

“मग पुढच्या वेळी माझ्या वैऱ्यांना बोलाव,” अप्पा म्हणाले.

पहिला कोण बोलला, हेही त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. तिने स्वतः रात्रभर त्याचाच विचार केला होता. त्या खोलीत सगळ्यांत जास्त जाणार होतं ते थोरल्याचं, आणि पहिलं तोंड उघडलं ते त्यानेच. तो गप्प बसला असता तर माई बोलली नसती, आणि आक्का तर नाहीच नाही. पंधरा वर्षं तिने या माणसाची मनात एक यादी केली होती. त्या यादीतल्या काही ओळी आता खोडाव्या लागणार, हे तिला जरा जडच जात होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी ठरवून दिलं. साधी वेदनाशामक गोळी वेळच्या वेळी, आणि जहाल गोळी फक्त व्यायामाच्या अर्धा तास आधी. आता एकही नको, असं म्हणायला आक्का उभी राहिली होती. दुखण्यामुळे पेशंट उठलाच नाही तर तेही तितकंच वाईट, पाय कायमचा धरेल, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं, आणि ती खाली बसली. माईच्या झोपेच्या गोळ्याही धाकटीच्या पेटीत आल्या. ब्रँडीची बाटली आक्काने स्वतः मोरीत ओतली.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, गोळी घेऊन चांगले पाच तास झाल्यावर, अप्पांनी सगळ्यांना बोलावलं. गुंगीत दिलेला शब्द हा शब्द नव्हे, असं आधी सांगितलं. व्यायामाच्या बाईंनाही ते तसं कळवणार होते. मग त्यांनी दीड तास फोम ऐकला आणि दीड तास कापूस ऐकला, मध्ये एकदाही डोळा न लावता. शेवटी म्हणाले, मला एक गादी फोमची भरून द्या, एक कापसाची. तसंही दोन महिने पडूनच राहायचं आहे. महिना तिच्यावर, महिना हिच्यावर, झोपून सांगतो. आणि तोवर या खोलीत गादी हा शब्द काढायचा नाही. थोरला आणि आक्का जिना उतरताना एकमेकांना विचारत होते, अप्पांची उंची नक्की किती.

तीन आठवड्यांनी जहाल गोळीची गरज संपली. डब्यात अकरा उरल्या होत्या. माईला वाटलं त्या वेळप्रसंगी घरात असाव्यात, तिचे गुडघे अधूनमधून धरतात. धाकटीने तिला हात जोडले. दुसऱ्याच्या दुखण्याला मोजून दिलेली गोळी आपल्या दुखण्याला चालत नाही, हे आता या घराला नव्याने शिकायचं नव्हतं. मेडिकलमधल्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, कचऱ्यात टाकू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही नष्ट करायला पाठवतो.

मी सोडतो, थोरला म्हणाला, आणि गाद्या पोचवायची व्हॅन काढली.

मेडिकलसमोर गाडी थांबली तरी त्याने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला. मग म्हणाला,

“अप्पा कण्हत नव्हते.”

धाकटी त्याच्याकडे वळली.

“त्या दिवशी मी सांगितलं ना, कण्हत होते म्हणून. ते खोटं होतं. दुपारी ते चांगले होते. गोळी दिली की ते हो म्हणतात, म्हणून दिली. चारच्या आत मला सही हवी होती.” त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. “आणि ती मिळाली. तेव्हापासून हा घेऊन फिरतोय. दाखवता येईना आणि फाडता येईना.”

“त्या बाईंनी गोळी आणि वेळ विचारली होती,” धाकटी म्हणाली. “ती तुम्ही खरी सांगितलीत. कारण मात्र अप्पांना सांगायला हवं, भाऊजी.”

“आज संध्याकाळी सांगतो. तू बाहेर बस.”

“बसते.”

त्याने कागद तिच्याकडे दिला. तिच्याकडे कागद आला की ती वाचणारच. वर टंकलेलं होतं, ‘कारखान्यात यापुढे फोमच्या गाद्या करण्यास माझी पूर्ण संमती आहे.’ मजकुरात काही चूक नव्हती. खाली रेघेवर थरथरत्या अक्षरांत अप्पांनी लिहिलं होतं. धाकटीने चष्मा लावला, कागद काचेजवळ उजेडात धरला, आणि मग परत एकदा वाचला.

“भाऊजी, ही सही तुम्ही वाचलीत का?”

“सही कोण वाचतं?”

तिने कागद त्याच्यासमोर स्टिअरिंगवर ठेवला आणि एका एका अक्षरावरून बोट फिरवलं. अप्पांच्या नावाचं त्यात एकही अक्षर नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘झोपु दे रे मेल्या’.

थोरल्याने ते मनातल्या मनात वाचलं, मग ओठ हलवत वाचलं. त्याचे खांदे आधी हसण्याने हलायला लागले, मग तसेच हलत राहिले, आणि धाकटी बाजूच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसली, त्याचं आटपेपर्यंत. शेवटी त्याने बाहीला नाक पुसलं आणि इंजिन बंद केलं.

“यात चूक काही नाही ना?” त्याने विचारलं.

“एक आहे,” ती म्हणाली. “झोपू दीर्घ हवं.”

थोरल्याने हात पुढे करून तिचं लाल पेन मागून घेतलं, कागद गुडघ्यावर धरून उकार नीट केला, घडी घालून खिशात ठेवला, आणि गोळ्यांचा डबा घेऊन मेडिकलच्या पायऱ्या चढायला लागला.